बगळ्याचा खड्डा

कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या गाठीच्या दोन बोटं खाली, ताईनं हलकेच दाबलं आणि विचारलं, "इथं?"

"नाही," बगळा म्हणाला.

"आणि इथं?"

"छे. काहीच नाही."

चेहरा कसा, तळ्यातल्या पाण्यासारखा शांत. पण टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, चादरीबाहेर आलेल्या त्याच्या लांबलचक पायाचा अंगठा गोगलगाईच्या शिंगासारखा झटकन आत वळला. ताईनं हात उचलला, अंगठा सुटला. पुन्हा दाबलं, पुन्हा वळला.

"तुझ्या तोंडापेक्षा तुझा पाय प्रामाणिक आहे रे," ती म्हणाली.

बगळ्यानं घाईघाईनं पाय चादरीखाली ओढून घेतला. पण पुरावा नोंदवला गेला होता.

बावीस वर्षांचा पोरगा, ताडासारखा उंच. बेसबॉलमधला पिचर, म्हणजे मातीच्या उंचवट्यावर उभं राहून समोरच्या फलंदाजाकडे चेंडू फेकणारा. फेकण्याआधी एक पाय पोटाशी घेऊन तो क्षणभर असा निश्चल उभा राहायचा की बघणाऱ्याला वाटावं, आता पाण्यातला मासा टिपणार. म्हणून बगळा. आईवडिलांनी ठेवलेलं नाव फक्त फॉर्मावर उरलं होतं. अकादमीत पिचर नऊ होते, पण ज्याचा चेंडू हातातून सुटला की मागे बसलेले गप्पा थांबवून मान वर करत, असा हा एकटाच. येत्या रविवारी मोठ्या संघासाठी निवड होती. आज बुधवार.

"ताई, हिरवी द्या ना," तो म्हणाला. "चारच दिवसांचा प्रश्न आहे. सोमवारी वाटलं तर कापून टाका हात."

"आत्याच्या घरी राहते मी. हात कापला तर आत्या घरात घेणार नाही," ताई म्हणाली आणि तिनं लाल चिठ्ठी काढली.

चिठ्ठ्यांचं असं होतं. उपचारखोली कॉरिडॉरच्या या टोकाला, मैदान त्या टोकाला. मध्ये तीस पावलं आणि एक काचेचा दरवाजा. दाराशेजारी फळा, फळ्यावर प्रत्येक खेळाडूच्या नावाचा खिळा. रोज सकाळी फिजिओनं, म्हणजे ताईनं, खिळ्याला चिठ्ठी अडकवायची. हिरवी म्हणजे फेकू दे, पिवळी म्हणजे जपून, लाल म्हणजे थांब. दुसऱ्या बाजूनं कोचनं येऊन ती बघायची. झालं. ताईला इथं लागून पाच महिने झाले होते, आणि पाच महिन्यांत त्या तीस पावलांवरून चिठ्ठ्या गेल्या, माणसं कधी गेली नाहीत.

आज मात्र ती लाल चिठ्ठी अडकवून टेबलाशी परत येते न येते तोच गेलं एक माणूस. उलट्या दिशेनं.

"बाई, ही काय लाल मिरची टांगलीय?"

दारात मास्तर उभे. पिचर घडवणारे कोच. साठीला टेकलेले, उन्हानं भाजून विटेच्या रंगाचे झालेले. त्यांची एक खोड ताईनं काचेतून पाहिली होती. मुलं फेकायला लागली की मास्तर त्यांच्याकडे पाठ करून उभे राहत, हात मागे बांधून, डोळे मिटून. पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिला वाटलं होतं, म्हातारा उभ्या उभ्या डुलकी काढतोय.

"मिरची नाही मास्तर, कोपर आहे. दुखतंय त्याचं."

"तो म्हणाला?"

"तो नाही म्हणाला. त्याचा पाय म्हणाला."

"पाय! घ्या. उद्या कान म्हणेल." मास्तरांनी बगळ्याकडे पाहिलं. "काय रे?"

"थोडंसंच, मास्तर," बगळा म्हणाला. "म्हणजे ताईंना वाटतंय तसं नाही."

"तुमच्या खोलीत येईपर्यंत पोरं धडधाकट असतात, बाई. या टेबलावर निजली की प्रत्येकाला कुठं ना कुठं अंकुर फुटतो."

"तो अंकुर पेरलेला तुमच्या मैदानावर असतो. माझ्याकडे फक्त उगवतो."

"चार दिवस राहिलेत."

"मला मोजता येतात."

एवढं बोलून दोघं गप्प झाले. कारण पुढचं जे होतं ते चिठ्ठीवर मावणारं नव्हतं, आणि चिठ्ठीपलीकडे बोलायची दोघांना सवय नव्हती. बगळा मात्र आईनं नाही म्हटलं की बापाकडे जाणाऱ्या पोरासारखा एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. हीच त्याची पाच महिन्यांची रीत होती. ताईला सांगायचा, मास्तरांनी तीसच चेंडू टाकायला लावले. मास्तरांना सांगायचा, ताई म्हणाल्या सगळं उत्तम. दोघांच्या मधल्या रिकाम्या तीस पावलांत पोरानं आपलं बारीकसं राज्य थाटलं होतं.

दुपारी हाडांच्या डॉक्टरांकडे तपासणी झाली. पडद्यावरच्या करड्या सावल्यांवर डॉक्टरांनी पेनाचं टोक फिरवलं.

"तुटलेलं नाही. दोरीचा एक पेड उसवावा तसा आतला बंध ताणलाय. सहा आठवडे चेंडू नको, बरं होईल. चार दिवसांत जोर लावला तर उरलेले पेडही जातील, मग शस्त्रक्रिया आणि एक वर्ष घरी." पडदा बंद करता करता ते म्हणाले, "पण हा ताण आला कुठून ते तुम्ही शोधा. नाहीतर सहा आठवड्यांनी हाच हात घेऊन परत याल."

परतीच्या गाडीत बगळा खिडकीबाहेर बघत राहिला. त्याची ताईशी कट्टी झाली होती. ताईच्या मनात मात्र डॉक्टरांचं शेवटचं वाक्य खड्यासारखं खुळखुळत होतं. दुखतं कुठं, हे कळलं. पण आलं कुठून? सुरुवातीला हाच पोरगा इतकेच चेंडू टाकत होता, हेच कोपर होतं, आणि अंगठा जागच्या जागी होता. मग मध्ये घडलं काय?

घरी आत्या दिव्याखाली ताईच्या कामाच्या बुटांचे तळवे तपासत बसली होती. आत्यानं तीस वर्षं चपला-बुटांच्या कारखान्यात काढली. माणूस भेटला की लोक चेहरा बघतात, आत्या तळवे बघायची. शेजारीण कुणाशी बोलत नाही आणि कुणावर रुसलीय, हेदेखील ती टाचेवरून सांगे, आणि निम्म्या वेळा ते खरं निघे.

"उजवी टाच बाहेरून झिजवतेस तू. लहानपणापासून. हट्टी माणसाची टाच."

"आत्या, एखाद्याचं कोपर दुखतंय आणि कोपरानं काही गुन्हा केलेला नाही. तर कुणाला धरायचं?"

आत्यानं बूट खाली ठेवला नाही. उलट प्रकाशाकडे आणखी तिरका धरला. "अगं, हात बिचारा घरातलं शेंडेफळ. वरचे सगळे भांडतात आणि मार याला बसतो. आमच्याकडे गुडघा धरून यायची माणसं. मी म्हणायची, गुडघा राहू दे, चप्पल दाखव." मग अचानक तिनं विचारलं, "उभा कुठं राहतो तो?"

"कोण?"

"तुझा कोपरवाला."

ताई मनाशीच उत्तर जुळवायला लागली. कुठं म्हणजे? माऊंडवर, म्हणजे त्या मातीच्या उंचवट्यावर. पांढऱ्या पट्टीवर मागचा पाय, आणि पुढचा पाय समोर उतारावर कुठंतरी. कुठंतरी म्हणजे नेमकं कुठं? तिच्या वहीत बगळ्याच्या अंगाचा कोन न् कोन लिहिलेला होता. खांदा किती वळतो, खुबा किती उघडतो, पाठ किती वाकते. पण त्याचा पाय पडतो ती जागा तिनं आजवर पाहिली नव्हती. त्या मातीवर तिनं स्वतःचं पाऊलच टाकलं नव्हतं. पाच महिने उंटावरून शेळ्या हाकणं चाललं होतं.

"जेवून जा," आत्या म्हणाली. पण ताईनं आत्याच्या हातातून बूट कधीच काढून घेतला होता.

मैदानावर अजून उजेड होता, म्हशीच्या पाठीवर रेंगाळावा तसा सुस्त, सोनेरी उजेड. मुलं जेवायला गेलेली. माऊंडवर एकटे मातीमामा होते. मैदान राखणारे मामा; सगळ्यांचेच मामा. रोज संध्याकाळी मुलांनी उकरलेली माती ओली करून पुन्हा भरायची आणि धुमसानं ठोकून बसवायची, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. धुमस वर जायचं आणि खाली यायचं, आणि त्या ठेक्यावर मामा स्वतःशीच गुणगुणत होते:

पाऊल पडलं जिथं, मातीला ते ठाऊक,
वर उभ्या माणसाला वाऱ्याचंच कौतुक.

"मामा, हे कुणाचं?"

"गाणं माझं. खड्डा बगळ्याचा." त्यांनी मान वर केली. "तू इकडं कुठं, पोरी? वाट चुकलीस?"

"बगळ्याचा म्हणजे? नऊ जण इथूनच टाकतात ना?"

मामांना हा प्रश्न एखाद्या आईला जुळ्यांतला फरक विचारावा तसा वाटला. "हा बुटक्याचा, आखूड आणि खोल. हा डावखुऱ्याचा, पलीकडे. हा जो नांगरल्यासारखा दिसतो तो गोंधळ्याचा. त्याचा पाय रोज नव्या गावी. आणि हा बगळ्याचा. पाय पडतो तिथं टाच मातीत रुतते, वळते, माती उडते. दिवसभरात बशीएवढा खड्डा होतो. ज्याचा जिथं, तिथं मी कडक माती भरून ठेवतो. म्हणजे घसरत नाहीत."

"पण रोज लक्षात कसं राहतं, कुणाचा कुठं?"

मामांनी दाताळं उचललं. माती ओढायचं ते लोखंडी दातांचं दाताळं, सहा फुटी दांड्याचं, हाताच्या घामानं दांडा गुळगुळीत झालेला. त्याचं डोकं त्यांनी पांढऱ्या पट्टीला टेकवलं आणि दांडा फलंदाजाच्या दिशेनं मातीवर आडवा ठेवला. दांड्याच्या टोकाकडे खिळ्यानं केलेल्या बारीक रेघा होत्या, नऊ जणांच्या नऊ तऱ्हा. एकाची फुली, एकाचा ठिपका. बगळ्याची खूण लांब पायाची होती, दोन काड्यांची.

ती तीन ठिकाणी होती.

ताई खाली बसली. गुडघे मातीत गेले, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. "मामा, याच्या तीन का?"

"तेच मी म्हणतो! बावीस वर्षांत एका पोराला दुसरी रेघ लागली नाही. माणूस घर बदलतो, नोकरी बदलतो, पण खड्डा बदलत नाही. याचा बघ. ही पहिली, आला तेव्हाची. मग ही, वीतभर पुढं. आणि आता ही, पहिल्याहूनही चार बोटं मागं. पुढं काय गेला, मागं काय आला, दाराशी घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखा."

"पुढं कधी गेला?"

मामांनी आभाळाकडे पाहिलं. त्यांची दिनदर्शिका तिथं असावी. "पलीकडचा नळ फुटून तळं झालं होतं ना, त्या आठवड्यात."

ताईनं पिशवीतून वही काढली. नळ फुटला तेव्हा उपचारखोलीतही दोन दिवस पाणी नव्हतं, ते तिनं कोपऱ्यात लिहिलं होतं. त्याच पानावर, तिच्याच नीटनेटक्या अक्षरात: *बगळा. खुबा मोकळा. बारा अंशांचा फरक. छान!* त्या 'छान'खाली तिनं दोन रेघा मारल्या होत्या. आखडलेला खुबा सुटावा म्हणून तिनंच त्याला महिनाभर व्यायाम दिले होते. खुबा सुटला. खुबा सुटला म्हणून पाऊल लांब पडायला लागलं. दोन आणि दोन चार इतकं सोपं, आणि ही बातमी त्या तीस पावलांपलीकडे कुणाला सांगायची असते, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. चिठ्ठी हिरवी होती. हिरव्या चिठ्ठीवर आणखी काय लिहायचं?

"पुढं गेला तो माझ्याच व्यायामांनी, मामा. आणि मागं कधी आला?"

"ज्या दिवशी मास्तरांनी माझ्याकडून सुतळी मागून नेली. तेरा-चौदा दिवस झाले असतील."

"सुतळी?"

"इथं आडवी लावली, दोन खिळे ठोकून. बगळ्याला म्हणाले, पाऊल या सुतळीच्या आत. चेंडू फार वर जायला लागला होता म्हणे पोराचा." मामांनी धुमस उचललं आणि पुन्हा खाली टेकवलं. "तू पाय लांब केलास, त्यांनी आखूड केला. दोघांनी मीठ घातलं म्हणून भाजी दुप्पट चवदार होत नाही, पोरी."

ती उठून उभी राहिली. पट्टीवर पाय ठेवला, मनातल्या मनात पाय उचलला आणि आखूड पाऊल टाकून बघितलं. मोकळा सुटलेला खुबा पुढं धावू बघतोय आणि पाऊल सुतळीशी अडतंय. गाडीचा ब्रेक दाबल्यासारखं अंग पुढच्या पायावर थबकून वर उसळतं, हात मागं राहतो, आणि राहिलेला उशीर भरून काढायला धावतं ते कोपर. शेंडेफळ. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात. इथं मलम लावणारे दोघं, आणि दोघांच्या मलमानंच जखम झालेली.

सकाळी ती काचेचं दार उघडून तीस पावलं चालून गेली. मास्तरांची खोली म्हणजे बॅटी, जाळ्या आणि फाटक्या ग्लोव्हांच्या मधोमध अडकलेली एक खुर्ची. मास्तर चहा पीत होते. तिला बघून त्यांनी कप खाली ठेवला, भांडायला दोन्ही हात मोकळे असावेत म्हणून.

"चूक माझी आहे," ताई म्हणाली.

मास्तरांनी कप परत उचलला.

तिनं सगळं सांगितलं. खुबा, बारा अंश, 'छान'खालच्या दोन रेघा, मामांचा दांडा. मास्तर ऐकत होते, डोळे मिटून, मैदानावर ऐकतात तसे.

"आवाज बदलला होता," मग ते म्हणाले.

"कसला?"

"चेंडूचा. कॅचरच्या, झेलणाऱ्याच्या, हातात बसतो तो. खणखणीत थाप पडली म्हणजे अंग सगळं एका ओळीत आलं. डोळ्यानं बघायला गेलं की पोरगं आवडतं का नावडतं तेही मध्ये येतं. कानाला आवडनिवड नसते. म्हणून मी पाठ करतो." त्यांनी कपात बघितलं. "सुतळी लावली आणि चेंडू खाली आला. मी खूश. पण थाप बद्द झाली. ओल्या कपड्यावर हात मारावा तशी. तेरा दिवस ऐकत होतो मी ते."

"मग बोलला का नाहीत?"

"कुठल्या रंगाच्या चिठ्ठीवर लिहू?"

हे ते रागानं म्हणाले असते तर ताईनं उत्तर दिलं असतं. पण ते खरंच विचारत होते.

"चूक अर्धी तुमची," मास्तर उठत म्हणाले. "अर्ध्या चुकीवर हक्क माझा आहे. सगळी घेऊन जाऊ नका. चला."

बगळ्याला बोलावणं गेलं. चेंडू नाही, मास्तरांनी त्याच्या हातात एक टॉवेल दिला. टॉवेलचं टोक धरून फेकण्याची सगळी हालचाल करायची, चेंडूचं ओझं नाही, सुटताना फक्त टॉवेल वाजतो. मास्तर पाठ करून उभे राहिले. ताई बाजूला, कोपराच्या रेषेत. मामा दाताळं टेकून, आपण सहजच थांबलोय असं दाखवत.

"आधी सुतळीच्या आत," मास्तर म्हणाले. "जोर नको. सावकाश."

बगळ्यानं पाय उचलला, निश्चल झाला, टाकला. फस्स.

"उशीर," मास्तर पाठमोरेच म्हणाले.

"कोपर मागं राहिलं," ताई त्याच क्षणी म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे मास्तरांनी मान वळवली.

"मामा, काढा ती सुतळी. आता पाऊल जाईल तिथं जाऊ दे रे. पण पट्टीवर वीतभर डावीकडे उभा राहा. लांब पावलाला जागा लागते. तेव्हाच सांगायला हवं होतं मी, दोरी बांधण्याऐवजी."

पाय उचलला, थांबला, गेला. पाऊल दुसऱ्या रेघेच्याही पुढं जाऊन पडलं, आणि टॉवेल असा वाजला की जाळीवरच्या दोन चिमण्या उडाल्या.

मास्तरांनी फक्त एक बोट वर केलं. पुन्हा. पुन्हा चिमण्या.

"दुखलं?" ताईनं विचारलं.

"नाही." आणि मग बगळ्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. कालची कट्टी कुठल्या कुठं गेली. "ताई, नाही दुखलं! सापडलं ना मग? सापडलं! आता रविवारी मी असाच टाकतो. मास्तर?"

तो मास्तरांकडे वळला. ताई नाही म्हणेल हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो मास्तरांकडे वळला.

मास्तर ताईकडे बघत होते. तिला त्या नजरेतला प्रश्न कळला, आणि खरं सांगायचं तर तिच्याही मनात तो क्षणभर येऊन गेला होता. रोग सापडला, औषध सापडलं. पंधरा चेंडू, वीस चेंडू, काय होतंय? पण टॉवेलला वजन नसतं. उसवलेला पेड कारण कळलं म्हणून सांधत नाही. तिनं मान हलवली, अगदी थोडी.

"नाही," मास्तर बगळ्याला म्हणाले.

"मास्तर!"

"गळती कुठून होती ते सापडलं. छप्पर अजून ओलं आहे. सहा आठवडे."

बगळ्यानं एकदा यांच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मधली फट शोधत होता. फट नव्हती. टॉवेल त्यानं जमिनीवर आपटला.

"पाच महिने तुम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोलला नाहीत," तो म्हणाला, आवाज फाटलेला, "आणि शेवटी बोललात, ते हे?"

तो लांब ढांगा टाकत निघून गेला. मातीवर त्याची पावलं उमटत गेली, एकेक दुसऱ्यापासून दूर दूर. मामा ती बघत राहिले; सवयच ती.

"चिठ्ठी कोण लावणार?" मास्तरांनी विचारलं.

"लावलेली आहे. लालच आहे."

"मग खाली मीपण सही करतो," ते म्हणाले. "एकट्या तुमच्यावर रागावून बसेल पोरगं. वाटून घेऊ."

रविवारी निवडसमितीच्या बाई आल्या. छोट्या चणीच्या, मोठ्या टोपीच्या, कानामागं पेन्सिल. आठ पिचर बघून झाले तेव्हा त्यांनी विचारलं, "नववा? ज्याच्यासाठी मी खरं तर आले तो?"

ताई आणि मास्तर दोघं एकदमच बोलायला लागले, दोघंही थांबले, मग मास्तरांनी हातानं "तुम्ही" केलं.

"मी त्याचा खुबा मोकळा केला आणि यांना सांगितलं नाही," ताई म्हणाली.

"मी त्याचं पाऊल तोडलं आणि यांना विचारलं नाही," मास्तर म्हणाले. "त्याचा दोष नाही यात. सहा आठवडे तो टाकणार नाही."

बाईंनी टोपी मागं सारली. "कुठल्याही अकादमीत गेलं की कोच सांगतो डॉक्टरनं बिघडवलं, डॉक्टर सांगतो कोचनं बिघडवलं. मी दोन्ही ऐकून निम्मं सोडून देते. आपणच बिघडवलं म्हणणारे दोघं एकाच वेळी भेटले की निम्मं कुठलं सोडायचं?" मग हातातल्या यादीकडे बघत, "पण माझी यादी आज संध्याकाळी बंद होते. त्यात मी काही करू शकत नाही."

"ठाऊक आहे," मास्तर म्हणाले.

लांब कुंपणाशी बगळा उभा होता, हात खिशात. ऐकू येत नसणार त्याला. पण इकडेच तोंड करून.

"पाऊल तोडलं म्हणजे? किती?" बाईंनी विचारलं. मग दांडा आला, मामा आले, आणि बाई खाली बसून तीन रेघांवरून बोट फिरवत राहिल्या. बराच वेळ. त्यांना पुढच्या गावी जायचं होतं, गाडीवाल्यानं दोनदा हॉर्न दिला, तरी त्या बोट फिरवत होत्या. उठताना त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि यादीवर काहीतरी खरडलं. यादीत नाही; बाजूला, समासात.

"समासात म्हणजे काय हो?" ताईच्यानं राहवलं नाही.

"म्हणजे यादीत नाही," बाई म्हणाल्या. "आणि म्हणजे चौथी रेघ कुठं पडते ते बघायला मला परत यावं लागेल. असल्या गोष्टी अर्ध्या सोडल्या की मला झोप लागत नाही."

हे ताईनं जाऊन बगळ्याला सांगितलं तेव्हा त्यानं नुसती मान फिरवली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो टॉवेल घेऊन माऊंडवर हजर होता. तिसऱ्या दिवशीही. रोज सकाळी फळ्याजवळ मास्तर आणि ताई भेटत. कधी तीस पावलं ती चालून जाई, कधी ते येत, कधी पंधराव्या पावलावर मध्येच गाठ पडे आणि तिथंच उभ्या उभ्या खांद्याची, खुब्याची, आवाजाची चर्चा चाले. चिठ्ठ्या अजून लागत. पण आता त्यांच्या मागच्या बाजूला काहीबाही लिहिलेलं असे, दोन हस्ताक्षरांत, कधी कधी वाद घातल्यासारखं.

सहा आठवडे आणि एक दिवस. चेंडू त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या हातात आला. दोन बोटांत फिरवून त्यानं त्याची शिवण चाचपली, जुना मित्र ओळखतोय का बघावं तशी. कॅचर समोर बसला. मामांनी माती अशी गुळगुळीत केली होती की तिच्यावर पाय टाकणं म्हणजे पाप वाटावं. धुमस बाजूला ठेवून ते पुटपुटले:

मातीला विचारा गं, माती खोटं सांगेना,
उचललं पाऊल ज्यानं, त्याला काही आठवेना.

मास्तरांनी पाठ केली. ताई कोपराच्या रेषेत उभी राहिली. बगळ्यानं पाय उचलला, आणि त्या निश्चल क्षणात सगळं मैदान त्याच्याबरोबर एका पायावर उभं राहिलं.

चेंडू गेला.

थाप पडली न पडली तोच मास्तर वळले, ताई धावली, मामांनी दाताळं आडवं टाकलं, आणि तिघंही त्या ताज्या खड्ड्यावर डोक्याला डोकं लावून वाकली.

"दुसऱ्या रेघेच्या पुढं!"

"किती?"

"दोन बोटं. नाही, अडीच."

"टाच बघा, सरळ वळलीय. बाहेर फेकलेली नाही."

"अहो," वरून बगळ्याचा आवाज आला. हातात ग्लोव्ह, तोंडावर आश्चर्य. "चेंडू कुठं गेला, ते कुणी बघितलं का?"

"ऐकला," मास्तर मान वर न करता म्हणाले.

ताई उठली, गुडघ्यांची माती झटकली, आणि त्याच्या लांबलचक पायांकडे बघत म्हणाली, "आता आधी बूट काढ. दुखलं का, ते अंगठ्याला विचारायचंय."